हळद लागली तरी हलणार नाही

बाई, हे ज्या कागदांवर लिहिते आहे ते उलटून बघू नका. पुढच्या बाजूला एक गुळगुळीत हात छापलाय. कुणाचा कोण जाणे, इतक्या वर्षांत मी असा हात कधी धरलेला नाही. त्याच्याखाली गुलाबी अक्षरांत लिहिलंय, 'हळद लागली तरी हलणार नाही! ब्रायडल जेल मॅनिक्युअर, आता डोंबिवलीत.' ही पत्रकं माझ्या सुनेनं छापून घेतली होती आणि तिनंच गठ्ठे बांधून रद्दीत टाकली. मी एक गठ्ठा काढून घेतला. तुमच्याकडे हे काम शिकत असताना लागलेली सवय, पाठकोरा कागद टाकवत नाही. तुम्ही लग्नपत्रिकांच्या मागे कुणाला किती वाजता बोलावलंय ते लिहून ठेवायच्यात, तसं मी आज तुम्हाला या थापेच्या मागे लिहिते आहे.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की जेल म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. एक चिकट रंग असतो. तो वाऱ्यावर वाळत नाही, तुम्ही कितीही फुंकरा घाला. तो नखाला लावायचा आणि हात एका पांढऱ्या डबीत घालायचा. डबी कासवाच्या पाठीसारखी, आत जांभळा उजेड. त्या उजेडात रंग कडक होतो. मग दुसरा थर, परत कासवाखाली हात. मग चकाकीचा थर, परत कासवाखाली. तासभर बाई खुर्चीत हात अडकवून बसते, दवाखान्यात सलाइन लावल्यासारखी, आणि उठताना म्हणते, काय रिलॅक्स वाटलं! दोन-तीन आठवडे तो निघत नाही, हीच त्याची थोरवी. काढायचा म्हणजे आधी वरून घासायचं, मग वासाच्या पाण्यात बुडवलेला कापूस लावून एकेक बोट चंदेरी कागदात गुंडाळायचं, शेकोटीत घालायच्या रताळ्यांसारखं. आपल्या बायकांच्या आयुष्यात न निघणाऱ्या गोष्टी आधीच काय थोड्या आहेत, की आता त्या हौसेनं लावून घ्यायच्या?

हे खूळ सुनेनं आणलं घोडबंदर रोडवरून. पोरगी तशी गुणाची. लग्न होऊन आली तेव्हा एका ऑफिसात होती. ते ऑफिस बंद पडलं आणि ती माझ्या पार्लरच्या काउंटरवर बसायला लागली. बसायला म्हणजे बसायलाच. मान मोबाइलमध्ये, अंगठा वर-खाली. मग एक दिवस म्हणाली, आई, मी नखांचा कोर्स करते. कोर्स संपल्यावर प्रमाणपत्र चौकटीत घालून आणलं आणि तुमच्या हार घातलेल्या फोटोच्या शेजारी ठोकलं. शिवाय मला कोर्सची ती जागा दाखवायला घेऊन गेली. एका उंच इमारतीच्या खाली काचेचं सलून. आत शिरल्याबरोबर हातात ग्लास, पाण्यात काकडीचे काप. कोशिंबिरीला सुटलेलं पाणी आपण मोरीत ओततो ना, त्याच चवीचं. एका मुलीनं माझी बोटं हातात घेतली, चेहरा पाडला आणि म्हणाली, "आँटी, तुमची नखं ना, खूप थर्स्टी आहेत." मी म्हटलं, बाळ, मलाही तहान लागलीय, आधी यातली काकडी काढून दे.

तिथं नखांची विद्या अर्धीच शिकवतात, बाई. उरलेली अर्धी विद्या विकायची. भिंतीवर लिहिलं होतं की नखं विकू नका, कॉन्फिडन्स विका. मी ते उभी राहून दोनदा वाचलं. म्हणजे तुम्ही आणि मी इतकी वर्षं नुसती नखंच कापत बसलो आणि बायका बिचाऱ्या कॉन्फिडन्सशिवाय घरी गेल्या. रंगांची नावं तर विचारूच नका. एक रंग असा, की तो लावल्यावर काही लावलंय असं वाटू नये, आणि सगळ्यात जास्त मागणी त्यालाच. सुनेनं हे सगळं डोंबिवलीत आणलं. खिडकीजवळची थ्रेडिंगची खुर्ची आत सरकली, तिथं नखांचं टेबल आलं, वर गोल दिवा, दिव्यात मोबाइल. रोज एक रील. वटपौर्णिमेला ऑफर, मंगळागौरीला ऑफर. सात जन्म टिकेल असं जेल, हे वाक्य तिनं खरंच लिहिलं होतं. मी म्हटलं, नवऱ्याची खात्री नाही, तुझ्या रंगाची कशी देतेस? तर हसून म्हणाली, "आई, मार्केटिंग असतं ते. कुणी खरं धरत नाही." कुणी खरं धरत नाही ते छापायचं कशाला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

अशा वेळी मी मनानं नौपाड्यात जाते. तुमच्या घरातली बाहेरची खोली, मध्ये फुलाफुलांचा पडदा, पडद्याआड तुमच्या सासूबाईंचा खोकला. दुपार आहे. खिडकीखाली बुटकं स्टूल, त्यावर कोमट पाण्याचं घंगाळ, पाण्यात लिंबाच्या साली. तुम्ही बाईचे हात पाण्यात घालता, पुसता आणि मग काहीच करत नाही. हात खिडकीच्या उजेडात धरून नुसता बघत बसता. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, तुम्हाला चष्मा लागलाय. त्याच दिवसांत चेंदणीच्या कोळीवाड्यातली एक बाई आली. लेकीचा साखरपुडा तीन दिवसांवर आलेला. अंगावर ठसठशीत सोनं, आवाज असा की पडद्याआडचा खोकला थांबला. तिला बसवून मी लाल बाटली उघडली. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि तिला विचारलंत, या हातानं उद्या काय करणार? ती म्हणाली, "काय करनार बाय, बोंबील साफ करनार. लेकीचा साखरपुडा हाय म्हनून गिऱ्हाईक उपाशी ठेवू काय?" तुम्ही हसलात, बाटलीचं झाकण लावलंत आणि तिला म्हणालात, परवा बाजार उरकून ये, कितीही उशीर होऊ दे, मी थांबते. ती गेल्यावर मला काय बोललात ते शब्दन् शब्द माझ्यापाशी आहे. "पोरी, हात तुझ्यापुढे आडवा पडलाय म्हणून तो रिकामा आहे असं समजू नकोस. आधी विचार, या हातानं पुढचे दिवस काय करणार. मग बाटलीला हात लाव." ती परवा आली, तुम्ही थांबला होतात, आणि जाताना ती डबाभर सुका जवळा ठेवून गेली. तुम्ही ब्राह्मणाच्या घरात तो कुठं लपवावा म्हणून अर्धा तास घालवलात आणि शेवटी माझ्याच पिशवीत घातलात.

तो प्रश्न मी माझ्या दुकानात कधी चुकवला नाही. सुनेला मात्र शिकवला नाही. शिकवायला ती कुठे थांबली होती? तिच्याकडे प्रमाणपत्र होतं.

आता ऐका काय झालं ते. माझ्याकडे एक बाई येते. तिच्या स्वतःच्या लग्नात तिचे हात मीच केले होते, तेव्हापासून ती दुसरीकडे गेली नाही. तिच्या शब्दावर आमच्या भागातल्या निम्म्या बायका माझ्या दारात आल्या. आता शीळफाट्याच्या पुढे मोठ्या टॉवरमध्ये राहायला गेली तरी भुवया करायला डोंबिवलीतच येते. तिच्या लेकीचं लग्न ठरलं, हॉल कल्याणला. लेकीनं आमची रील पाहिली आणि आईला म्हणाली, जेल करायचं, दुधी पांढरं. आई माझ्याकडे बघायला लागली. मी नाक मुरडलं, पण तोंडानं काही बोलले नाही. सुनेची ती पहिलीच नवरी. तिनं मन लावून काम केलं, तेही सांगते. पांढरी नखं, वर मोत्यासारखी झाक. मुलीनं विचारलं, हळदीत काही होणार नाही ना? सुनेनं पत्रक पुढे केलं. त्यात लिहिलंच होतं.

दुसऱ्या दिवशी मेंदी लागली, कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत. तिसऱ्या दिवशी सकाळी हळद. दुपारी सुनेच्या मोबाइलवर फोटो आला. दहाही नखं पिवळी, चिवड्यातल्या पोह्यांसारखी. नुसती हळद लागलेली नव्हे, आतून मुरलेली. साबण झाला, लिंबू झालं, कुणीतरी दात घासायची पेस्टही लावून पाहिली. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी. काढायचं म्हटलं तर वासाच्या पाण्यात बोटं गुंडाळावी लागणार, म्हणजे बोटांवरची मेंदी गेली. मी फोटो पाहिला आणि म्हटलं, "खरंच की. तुझा रंग काही हलला नाही. वर हळद बसली, आता तीही हलत नाही."  सुनेनं पेटी भरायला घेतली. मला कळत होतं की नवरीची आई आज फिरली तर तिच्यामागे बाकीच्या फिरतील, दुकान बसेल, आणि ही पोरगी पुन्हा काउंटरवर मोबाइलमध्ये मान घालून बसेल ती कायमची. कळत असूनही मी निघताना गल्ल्याजवळची लाल बाटली पर्समध्ये टाकली. साधं, वाऱ्यावर वाळणारं नेलपॉलिश. वरून लाल फासलं की पिवळं झाकलं, विषय संपला, जेल हरलं. खरं तर मला घाईच झाली होती.

शीळफाट्याला ट्रकांची रांग अशी लागली होती की रिक्षावाला इंजिन बंद करून उतरला आणि चहा पिऊन आला. सून पेटी मांडीवर घेऊन बसलेली, ओठ हलत होते. मला वाटलं स्तोत्र म्हणतेय. नंतर कळलं, थरांचा क्रम म्हणत होती.

घरात शिरलो तर पाहुण्यांनी भरलेलं. मुलीची आत्या दारातच उभी. म्हणाली, "या. नखं बघून तर कावीळच झालीय असं वाटतं. मुलाकडचे उद्या विचारतील, आजार आधी का सांगितला नाही." दोघीतिघी तोंडावर पदर घेऊन हसल्या. नवरी आतल्या खोलीत पलंगावर, हात उशीवर ठेवून रडत होती, डोळे पुसायलाही तिला ते हात तोंडाजवळ आणवत नव्हते. तिची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "ताई, मी तुमच्याकडे बघून आले हो. हिच्याकडे बघून नाही."

मी पर्स उघडली, बाटली काढली. म्हटलं, लाल लावू वरून, छान दिसेल. मुलगी हुंदके देत म्हणाली, "मावशी, लाल नको ना प्लीज, शालूला अजिबात नाही जात." तरी मी झाकण फिरवायला घेतलं. झाकण फिरेना. दातानं धरलं, पदरानं धरलं, फिरेना. आत रंग काकवीसारखा घट्ट होऊन बसलेला. ती बाटली मी किती दिवसांत उघडली नव्हती, ते मलाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात सून खाली फरशीवर बसली. पेटी उघडलीच नाही तिनं. मुलीचा हात उशीवरून घेतला, खिडकीकडे वळवला आणि नुसता बघत राहिली. आत्या काहीतरी बोलली, तिचं लक्ष नव्हतं. मग तिनं मुलीला विचारलं, "उद्या सकाळपासून या हातानं काय काय करणार? सगळं सांग. फोटो सोड, कामं सांग."

बाई, माझ्या हातातली बाटली तशीच राहिली.

 मुलीच्या आधी तिची आईच बोलायला लागली. आधी गौरीहर पुजायचा, हळदकुंकू वाहायचं, अक्षता. मग हार. जेवताना नवऱ्याला घास भरवायचा, मसालेभाताचा. सून ऐकत होती. म्हणाली, म्हणजे आज मी पांढरं करून दिलं तरी गौरीहरापाशीच पुन्हा पिवळं होणार. मग तिनं आत्यालाच खाली पाठवलं. म्हणाली, "आत्या, कॉर्नरच्या दुकानातून साधं ट्रान्सपरंट नेलपॉलिश आणा ना. अगदी स्वस्तातलं." आत्याही गेली, काय आश्चर्य.

मग तिनं प्रत्येक नखाच्या कडेनं बारीक चिकटपट्टी लावली, मेंदीला धक्का लागू नये म्हणून. वरचा चकाकीचा थर तेवढाच घासला. पिवळं त्या थरातच होतं, खालचं पांढरं जसंच्या तसं निघालं. नवा थर दिला, कासव लावलं. सगळ्यांत शेवटी, नीट ऐका, वरून साधं नेलपॉलिश. उद्या हळदीचा डाग त्याला लागेल, गौरीहरावरून उठली की मी ते साध्या रिमूव्हरनं नखापुरतं पुसेन, खालचं पांढरं राहील, जेवणाआधी परत लावेन, असं तिनं मुलीच्या आईला समजावलं. तासभर कासवाखाली शिजवलेल्या त्या मोठ्या घराण्याच्या रंगाची राखण करायला शेवटी वाऱ्यावर वाळणारं, कोपऱ्यावरच्या दुकानातलं पॉलिश लागलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. येताना रिक्षात मी तिला हे ऐकवलंही. ती म्हणाली, "हो आई," आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच हॉलवर गेली. मी मुहूर्ताला पोचले. अंतरपाट दूर झाला तेव्हा मी नवरीचा चेहरा पाहिला नाही, हार धरलेली बोटं पाहिली. पांढरीशुभ्र. आत्या शेजारीच होती, म्हणाली, बरी दिसतात की. जणू तिचंच पॉलिश. मुलीच्या आईनं आम्हाला आभाराचा एक शब्द म्हटला नाही. निघताना हळदकुंकवाचं ताट घेऊन आली, आधी सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मग माझ्या. इतक्या वर्षांत त्या घरात माझा नंबर दुसरा लागायची ही पहिलीच वेळ.

तुम्हाला वाटेल, पोरगी सुधारली. छे! घरी आल्यावर हा सगळा छापील कचरा रद्दीत टाकला, इथपर्यंत ठीक. मग मी एकदा तिला विचारलं, तो प्रश्न तुला कुणी शिकवला? तर म्हणाली, "अहो आई, तुम्ही दिवसभर प्रत्येकीला तेच विचारता. मी काय बहिरी आहे?" म्हणजे मान मोबाइलमध्ये होती, कान नव्हते. मला भरून आलं आणि तेवढ्यात तिनं मोबाइल पुढे केला. नवीन रील. गोल दिव्यासमोर ही बसलीय, केस एका खांद्यावर घेतलेले, मागे कसलंसं धांगडधिंग्याचं गाणं, आणि ही डोळे मोठे करून म्हणतेय, 'या हातानं पुढचे आठ दिवस काय करणार? आम्ही आधी विचारतो!' तुमचा प्रश्न, बाई. नौपाड्यातल्या त्या बुटक्या स्टुलावरचा. खाली बदाम तरंगताहेत. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. नवीन पत्रकंही आली आहेत, तोच गुळगुळीत हात, फक्त वाक्य तुमचं.

आणि तरीही परवा पोळ्यांच्या ऑर्डरी घेणारी एक बाई जेल करायला आली, तर हिनं विचारलं, ऐकून घेतलं, नखं बारीक कापून, खोबरेल चोळून परत पाठवलं. म्हणाली, ताई, कणकेत हात असतो तुमचा, हे नका करू. रीलमध्ये मात्र हे दाखवत नाही. ते दाखवलं तर विकणार काय!

जेलबद्दल माझं मत बदललेलं नाही, बदलणारही नाही. ते भिकार ते भिकारच. एक मात्र तुम्हाला सांगायचं आहे, त्यासाठीच हे एवढे पाठकोरे खर्ची घातले. त्या दिवशी टॉवरमधल्या खोलीत, सून नखं घासत असताना, ती नवरी रडता रडता तशीच झोपली. हात हिच्या हातात, तोंड उघडं, लहान मुलासारखी. तुमच्या हाताखाली बायका गप्प होत, मला आठवतं. माझ्या हाताखाली त्या बोलत सुटतात. हाताखाली कुणाला झोपलेलं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. हात हलका आहे तिचा, बाई. माझ्याहून तर आहेच, तुमच्याहूनही आहे.

हे तिला सांगितलेलं नाही. सांगितलं तर उद्या पत्रकावर छापेल. म्हणून तुम्हाला लिहिलं, आणि आता हे कागद गठ्ठ्याच्या मधोमध सारून ठेवते, छापील बाजू वर करून.